शेवटची बांगडी नवरदेवाच्या हातून

कोडोलीच्या बाजूला आजही कुणाच्या घरी चुडा भरायचा असला की माझं नाव निघतं आणि लगेच बाजूला पडतं. कुणीतरी म्हणतं, रेहानाचाचीला बोलवू, तिचा कार्यक्रम झकास असतो. मग आतल्या खोलीतून कुणीतरी आठवण करून देतं, की तिच्या हातून नवरीचा चुडा वाढला होता. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्याविषयी बोलताना मात्र लोक तेवढीही भीड ठेवत नाहीत. सरळ फोडली म्हणतात.

महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं बांगड्यांचं दुकान आहे. ते मला कुणी आंदण दिलेलं नाही. सासरे चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून फिरायचे, आणि यात्रा उठली की उरलेला माल गावोगाव विकायचे. माझा नवरा त्या पायपिटीला कंटाळून रिक्षा चालवायला लागला. मी सासूच्या शेजारी बसून हात भरायला शिकले, आणि माल घेऊन येणाऱ्या दलालांशी भांडून भाव पाडायला माझी मीच शिकले. राग माझ्या नाकावर असतो. भाव करताना समोरचा उठून गेला तर मी त्याला हाक मारत नाही, तोच बोळाच्या तोंडापासून परत येतो. हे सगळं आधी सांगते, म्हणजे पुढं मी कुठं नमतं घेतलं ते कळेल.

बाहेरच्यांना वाटतं, बांगडी चढवायला जोर लागतो. जोर लावला की काच फुटते. बांगडी चढते ती हात सैल सुटला की. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकावर एक येतील अशी हलकेच आवळायची, आणि बांगडी फिरवत फिरवत तिथं आणून थांबायचं. घाई करायची नाही. बाईला काहीतरी विचारायचं, माहेर कुठलं, म्हैस किती दूध देते. ती उत्तर द्यायला लागली की हात आपोआप ढिला पडतो, आणि त्या क्षणी बांगडी मनगटात गेलेली असते. सासू म्हणायची, तोंड चालू ठेव, हात आपसूक चालतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा हिरवा चुडा भरायचा. दुपारी सोप्यात जेन, म्हणजे जाड घोंगडं, टाकलेलं असायचं, आसपासच्या बायका जमायच्या, पुरुषांना बाहेर पिटाळलेलं असायचं. नवरीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला, तिचा हात माझ्या हातात, तोंडं जवळ. बायकांचा इतका कालवा असायचा की आमच्या दोघींचं बोलणं तिसरीला ऐकू जायचं नाही. मुली त्यावेळी काय काय बोलायच्या ते मी कुठं बोलणार नाही. एवढंच सांगते, की आईला न सांगितलेलं बांगडीवालीला सांगणाऱ्या मुली मी बऱ्याच पाहिल्या. चुडा भरून झाला की नवरी रडत माझ्या पाया पडायची. मी मुसलमान, ती मराठ्याची, पण त्या वेळेपुरता हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नसायचा.

पुढं मुलींना रडायचं नव्हतं. त्यांनी मोबाईलवर शहरातल्या पार्ट्या पाहिल्या होत्या. गळ्यात इंग्रजी अक्षरांचा पट्टा, मागं फुगे, पुढं केक. बांगड्या पेटीतून तयार येणार, त्याही धातूच्या, खटका दाबला की उघडणाऱ्या. हात आवळायला नको आणि चाचीही नको. सलग दोन लग्नसराया माझं दुकान ओस पडलं. मी कोल्हापुरातल्याच एका पार्टीवाल्याचा कार्यक्रम पाहून आले. पोरगं दोरीवर फुगे लावत होतं आणि गाणी वाजवत होतं. म्हटलं, यात काय अवघड आहे, आणि माझ्याकडं काच आहे, जी याच्याकडं नाही.

तेव्हा मी चुड्याचा सोहळा सुरू केला. झेंडूनं मढवलेला झोपाळा, हिरव्या साड्यांचा पडदा, माईकवर बोलायला माझी भाची नसरीन. केक ठेवला, कारण केक नसला तर मुली रुसतात. पण मधोमध पाट, पाटावर नवरी, आणि चुडा काचेचाच. भोवती खेळ. बांगड्यांचा मनोरा रचायचा, ज्या मावशीचा पडेल तिनं नाचायचं. आजीबाईंना काळे चष्मे घालून झोपाळ्यावर बसवायचं. ज्या घरात तोपर्यंत चुडा म्हणजे डोळ्यांना पदर होता, त्या घरातल्या बायका पोट धरून हसायच्या. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

विक्षिप्त गिऱ्हाइकंही पुष्कळ भेटली. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी होणाऱ्या सुनेला माईकवर विचारायला प्रश्न लिहून आणले होते, भाकरीचं पीठ किती वेळ मळायचं आणि कालवणाला फोडणी कशानं द्यायची. मी नसरीनला खुणावलं. तिनं तेच प्रश्न बाईंच्या मुलाला फोन लावून विचारले. त्याला एकही आला नाही. बाई जेवल्याशिवाय गेल्या, पण सगळा मांडव महिनाभर हसत होता.

हातकणंगल्याला एक खेळ झाला, तो मात्र मला अजून आठवतो. आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, पुढं पाच मुलींचे हात धरायचे, आणि नुसत्या स्पर्शानं आईनं आपल्या लेकीचा हात ओळखायचा. त्या आईनं तिसऱ्याच मुलीचा हात धरून छातीशी लावला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, तीही हसली. नंतर जेवणं चालू असताना पाहिलं, तर ती लेकीचा उजवा हात दोन्ही हातांत धरून बसली होती आणि पोरगी डाव्या हातानं जेवत होती. जाताना मला म्हणाली, "ह्यो खेळ बंद करा बाई." मी बंद केला नाही. सगळ्यात जास्त मागणी त्यालाच होती.

दुसरी मागणी नवरदेवाची. ही कल्पना पूर्ण माझी, आता शहरात सगळे आपली म्हणून विकतात. चुड्याला पुरुष कधीच नसायचे. मी काय केलं, दोन्ही हात भरायचे आणि एक बांगडी ठेवून द्यायची. मग नवरदेव अचानक मित्रांबरोबर यायचा, आणि ती शेवटची बांगडी त्यानं सगळ्यांसमोर नवरीच्या हातात चढवायची. मी शेजारी बसून कशी चढवायची ते सांगायची. बिचाऱ्यांची भंबेरी उडायची. एक तालमीतला पैलवान होता, मान म्हणजे ओंडका. त्याच्या हातून एकामागून एक तीन बांगड्या गेल्या. प्रत्येक वेळी तो हात सोडून मागं सरकायचा, घाम पुसायचा आणि तिला विचारायचा, "लागलं का गं?" शेवटी तिनंच स्वतः बांगडी चढवून घेतली आणि त्याचा हात आपल्या हाताला नुसता लावून ठेवला. तेव्हा कुणीही अपशकुन म्हणालं नाही. काच फुटायचीच. काच फुटल्यावर माणूस काय करतो, ते बघण्यासारखं असतं.

आता कोडोली.

घर शेतकऱ्याचं, दारात चार म्हशी, डेअरीचं नाव भिंतीवर. तीन मुली. थोरली सारिका, कोल्हापूरला वसतिगृहात राहून शिकलेली. बापाला सगळे अण्णा म्हणायचे. सोहळा ठरवताना ते माझ्याशी अर्धा दिवस घासाघीस करत बसले, आणि मला ते आवडले, कारण घासाघीस करणारा माणूस ठरलेलं पाळतो. आई मोजकं बोलणारी. ती म्हणाली, पोरगी हसली पायजे, येवढंच बघा.

पोरगी हसत होती. हात मऊ, लगेच सैल सुटणारा. मी भरत गेले आणि ती झोपाळ्यावरच्या आजीची नक्कल करत गेली. पण मनात असलं तरी ती मला काय सांगणार होती? माईक चालू होता, स्पीकर कानाशी होता. मी विचारलं, नवरा कसा हाय गं, तर तिनं कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली.

मग जीप आली. नवरदेव आणि त्याचे मित्र. दिसायला चांगला, पांढरा शर्ट, बोलायला गोड. बायकांनी त्याला शेव-चिवड्याचा आग्रह केला, त्यानं सगळ्यांना मावशी-काकी म्हणत नमस्कार केला. पाटासमोर बसला. सारिकाची आई ओवाळायचं ताट घेऊन शेजारीच उभी. मी त्याला अंगठा कसा दुमडायचा ते दाखवलं. बांगडी हाडापाशी येऊन अडली. तशी ती प्रत्येकाची अडते.

सारिका म्हणाली, "थांबा, दुखतंय."

मागून एक मित्र म्हणाला, "जमंना व्हय रं?" सगळे हसले. नवरदेवही हसला, आणि त्यानं जोर लावला. बांगडी फुटली. एक तुकडा अंगठ्याच्या मुळाशी आत गेला.

इथपर्यंत काही झालं नव्हतं. पैलवानाच्या हातूनही फुटलीच होती. सारिकानं हात मागं ओढला, तर त्यानं तो सोडला नाही. दुसऱ्या हातानं माझ्या तबकातली आणखी एक बांगडी उचलली. लोकांकडं बघून हसत होता आणि ओठ न हलवल्यासारखं तिला म्हणत होता, "हात सैल सोड. सांगितलं न्हवं, सैल सोड." आणि ती बांगडी त्यानं त्या जखमेवरून, आतल्या काचेवरून, दाबून खाली नेली. बांगडी चढली. टाळ्या पडल्या. त्यानं तिचा हात वर उचलून मांडवाला दाखवला.

हे जवळून बघणाऱ्या दोघीच. मी आणि ताट धरलेली आई.

मी त्याचं मनगट धरलं. नसरीनला ओरडले की गाणं बंद कर. गाणं बंद झालं तेव्हा सगळ्यांना रक्त दिसलं आणि पाटावरची काच दिसली. त्याची आत्या पुढं झाली आणि कपाळाला हात लावून म्हणाली की चुडा वाढला, आमच्या पोराच्या लग्नात चुडा वाढला. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी केलं, कसं झालं. नवरदेव माझ्याकडं बोट दाखवून अगदी शांतपणानं म्हणाला, "बांगडी कच्ची हुती ह्यांची."

मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. अण्णांनी मला दंडाला धरून गोठ्यामागं नेलं. म्हणाले, पावणं उठून चाललेत, उद्या लग्न आहे, तुम्ही माईकवर सांगा की बांगडी तडकलेली होती, नजरचुकीनं आली.

"माझा माल तडकलेला नसतोय, अण्णा. एकेक बांगडी वाजवून घेते मी."

"मला म्हाईत हाय."

"मग मला कशाला खोटं बोलायला लावताय? तुमच्या जावयानं पोरीचा हात फाडलाय. बघा जावा."

त्यांनी बघितलं नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त देतो म्हणाले. मी तो विषय तिथंच तोडला. मग त्यांनी पागोटं काढलं, आणि अर्धा दिवस माझ्याशी घासाघीस करणारा तो माणूस म्हशींच्या पुढ्यात बोडक्या डोक्यानं उभा राहिला. मी म्हटलं, मला पोरीशी बोलू द्या, मग काय ते सांगते. ते म्हणाले, तिच्या आईसमोर बोला. मी म्हटलं, एकटीशी. ते म्हणाले, दार उघडं ठेवून. मी म्हटलं, दार लावून. ते मिळालं मला.

सारिका धान्याच्या कणग्यांच्या खोलीत बसली होती. मी चिमट्यानं काचेचा तुकडा काढला, हळद भरली. नसरीनचा स्पीकर बंद होता, बाहेर नुसता माणसांचा कालवा होता, आणि माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला होता. तेव्हा ती बोलली. साखरपुड्यानंतर एकदा तिनं त्याचा फोन उचलला नव्हता. तो वसतिगृहाच्या दारात आला होता, रस्त्याच्या कडेला नेऊन त्यानं तिचं हेच मनगट पिरगाळलं होतं आणि नंतर तिथंच उभं राहून आइस्क्रीम खायला घातलं होतं. घरी तिनं सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी आत्ता बाहेर जाऊन माईकवर सांगते कुणी केलं ते. लग्न आजच मोडतंय. तू फक्त व्हय म्हन."

तिनं हळदीच्या पट्टीची गाठ घट्ट केली. म्हणाली, "माझ्या मागं दोघी हायत, चाची. चुड्याच्या पाटावरनं मोडलं म्हनल्यावर त्यांच्या दारात कोन येनार?"

"आणि तुझं काय?"

"मी जाते निभावून. तुमचीच बांगडी कच्ची हुती म्हनून सांगा. आनि परत कधी कुनाला खरं सांगू नका. शब्द द्या."

फुकट शब्द मी कुणाला देत नाही. म्हटलं, देते, पण त्याच्या बदल्यात तूही एक दे. त्यानं पहिल्यांदा हात उचलला की त्याच दिवशी निघायचं आणि माझ्या दुकानात यायचं. आईकडं जायचं नाही, अण्णांकडं जायचं नाही, दुकानात यायचं. बाकीचं मी बघते. तिनं मान हलवली. बाहेर जाऊन मी माईक हातात घेतला आणि सांगितलं की माल तडकलेला होता, चूक माझी. पावणं परत बसले. आत्यानं नवरा-नवरीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायला सांगितल्या, जणू दृष्ट माझीच लागली होती. मी झोपाळा सोडवला, पडदा गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं लग्न थाटात झालं असं ऐकलं.

माणूस मरतं तेव्हा गावाला कळायला वेळ लागतो, पण चुडा वाढल्याची बातमी आधीच पोचलेली असते. पन्हाळ्याच्या अंगानं ठरलेले सोहळे एकेक करून गळाले. कुणाच्या घरी अचानक सुतक निघालं, कुणाचा भाऊ मुंबईहून पार्टीवाला घेऊन येणार होता. जोतिबाच्या डोंगरावर एक दुकानदारीण सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडून माल घ्यायची. मी स्वतः बांगड्या घेऊन गेले तर तिनं गठ्ठा उघडलाही नाही. खाली बघून म्हणाली, "बायका इचारत्यात चाची, कुठला माल म्हनून. तुमचं नाव घेतलं की हात मागं घेत्यात." मी तिला चांगलंच सुनावलं. डोंगराच्या पायऱ्या उतरताना गठ्ठा डोक्यावर होता आणि खरं तोंडात होतं, आणि दोन्ही ओझी मला कुणाच्या गळ्यात घालता येत नव्हती. नवरदेवाची बांगडी मी बंद केली. शहरातल्या पार्टीवाल्यांनी ती उचलली आणि अजून जोरात चालवली. तक्रार सांगायला मी कुणाकडं जाणार?

तरी रोज सकाळी दुकान उघडताना मी बोळाच्या तोंडाकडं बघायची. ती आली नाही. मी मनाला सांगायची, आली नाही म्हणजे निभावलं असेल. पहिलं वर्ष असंच गेलं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी एका भर दुपारी तोंडाला ओढणी गुंडाळून एक बाई आली आणि दुकानात गिऱ्हाईक असेपर्यंत बाजूला उभी राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर ओढणी काढली. सारिका. मोकळे हात. मी काही न विचारता तिचा उजवा हात घेतला आणि सवयीनं अंगठा तळव्यात दुमडायला गेले, तर तो दुमडेना. हाड मोडून वाकडं सांधलं होतं. मनगटाच्या वर एक गाठ होती. डॉक्टरला जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं होतं, तेही उशिरा नेलं होतं. माझ्या धंद्यात अशा हाताचा अर्थ एकच. त्यात काचेची बांगडी पुन्हा जात नाही. खटक्याची गेली तर गेली.

मला दया यायच्या आधी राग आला. म्हटलं, "काय ठरलं हुतं आपलं? पहिल्यांदा हात उचलला की त्याच दिवशी यायचं ठरलं हुतं न्हवं?"

ती म्हणाली, "पहिला कुठला धरायचा, चाची?"

मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

ती कायमची आली होती, म्हणजे आईकडं आली होती. माझ्याकडं नंतर. मधल्या बहिणीचं लग्न उरकलं होतं, चांगलं घर मिळालं होतं, त्यामुळं आता हिला ठेवून घ्यायला घराची हरकत नव्हती. अण्णा वकिलाकडं हेलपाटे घालत होते. आणि गावात काय बोललं जातं ते तिनंच सांगितलं, माझ्यापासून लपवलं नाही. दोन्ही घरांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. चुड्याच्या पाटावरच वाढलं होतं, त्या बांगडीवालीच्या हातून, मग संसार कुठला टिकतोय. तिची आईही येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होती.

मी म्हटलं, आता माझा शब्द मला परत दे. तुझ्याकडनं तू पाळला नाहीस. ती म्हणाली, दिला, पण आधी आईला सांगा.

मी त्याच आठवड्यात गेले. सारिकाच्या आईनं मला सोप्यात बसवलं, चहा दिला. माझ्यासाठी वेगळा कप काढला नाही, एवढं बरं होतं. ती सुपात हुलगे घेऊन निवडायला बसली. सारिका चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "ताट घेऊन तुमी शेजारी हुता. कुणी फोडली ते तुमी बघितलंय."

"बघितलं की," ती म्हणाली. हुलगे निवडणं थांबलं नाही.

"मग माझं नाव कशाला घेताय गावभर?"

"तुमीच तर सांगितलासा माईकवर. म्या कशाला घिऊ?" मग सूप खाली ठेवून माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "तुमी तवा खरं बोलला असता तर म्या मोडलं असतं लगीन. पदर पसरून मोडलं असतं. तुमी बोलला न्हाईसा."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. अण्णांनी गोठ्यामागं पागोटं काढलं ते, आणि कणग्यांच्या खोलीतलं ते. मी दाराकडं बघितलं. सारिका पुढं आली.

"आई, मीच चाचीला गप बसवलं. मागं दोघी हायत म्हनून."

आईनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं. बोटांनी एक खडा शोधून काढला, बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग तुजंच चुकलं की."

   चहा तसाच ठेवून मी उठले.

सारिका मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत दोन बायका भेटल्या, त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पदर सावरत पलीकडच्या कडेनं गेल्या. थांब्यावर सावली नव्हती. मी तिला सांगितलं की एका दिवाळी अंकानं माझ्याकडं चुड्याच्या सोहळ्याविषयी लेख मागितलाय. मजेचं लिहा म्हणालेत. मी मजेचंच लिहिणार होते, पैलवानाचं वगैरे. आता तू सांग.

"लिहा की सगळं," ती म्हणाली.

"तुझं नाव बदलते."

"नाव बदला. गाव बदलू नका."

मी म्हटलं, गाव ठेवलं तर घर कुणाचं ते सगळ्यांना कळेल. तिनं मान हलवली, तेच हवं आहे अशी. मग सांगितलं की दिवाळी झाली की धाकटीला बघायला माणसं येणार आहेत, स्थळ आईनं ठरवलंय. अंक त्याच्या आधी येईल ना, असं तिनं दोनदा विचारलं. येणाऱ्यांनी वाचावं, म्हणाली, या घरात काय झालं आणि कुणी कुणी बघितलं ते. धाकटीनंही वाचावं. मग तिनं बसायचं का नाही पाटावर, ते तिचं ती ठरवेल.

मी तिला बजावलं, कारण सौदा पक्का करायच्या आधी तोटा दाखवायचा ही माझी रीत आहे. म्हटलं, "नीट इचार कर पोरी. हे छापून आलं तर धाकटीचं मोडंल."

एसटी वळणावर दिसली. सारिकानं वाकडा हात वर करून ती थांबवली.

"मोडू दे," ती म्हणाली.